तीन आठवडे जगणारा किडा आणि आमच्या आजीचं विसरणं

पारदर्शी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ आहे. गेल्या महिन्यात इस्लामपूरला मामेबहिणीच्या लग्नात जेवायला बसलो होतो तर शेजारच्या काकूंनी विचारलं, अगं तू म्हातारपणावरच संशोधन करतेस ना, मग निघालं का काही औषध, तुझी आजी तर तुला ओळखत पण नाही म्हणे. आजी दोन खुर्च्या सोडून बसली होती, पानातली जिलबी उचलून पदराच्या टोकाला बांधत होती. बहुतेक माझ्या मामासाठी असणार, कारण तिच्या हिशोबात तो अजून शाळेत जातो. मी काकूंना काहीतरी गुळमुळीत सांगितलं आणि विषय बदलला. तेव्हापासून मनात होतं की आम्ही लॅबमध्ये नक्की काय करतो ते एकदा नीट मराठीत लिहावं, म्हणून हा धागा.

मी पुण्यातल्या एका संस्थेत सहा वर्षं एकाच प्राण्यावर काम करतेय. सी. एलिगन्स. एक मिलिमीटर लांबीचा किडा, कुजलेल्या फळांत-मातीत राहतो, अंग आरपार दिसतं, माणसाला त्याचा काही त्रास नाही. आमच्याकडे तो आगरच्या (शैवालापासून केलेल्या जेलीच्या) छोट्या प्लेटवर असतो, वर ई. कोलाय बॅक्टेरियाचा पातळ थर दिलेला, तेच त्याचं जेवण, तापमान २० डिग्री. अंड्यातून निघून तीनेक दिवसांत मोठा होतो आणि पुढे दोन-तीन आठवडे जगतो. पूर्ण वाढलेल्या किड्याच्या शरीरात ९५९ पेशी, त्यातले ३०२ न्यूरॉन, आणि यातली प्रत्येक पेशी कुठल्या पेशीपासून झाली ते माहीत आहे. सिडनी ब्रेनरने केंब्रिजला हा प्राणी निवडून १९७४ साली त्याच्या जनुकशास्त्राचा पेपर छापला, २००२ साली ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना नोबेल मिळालं.

माझं काम म्हणजे मुख्यतः मोजणं. एका प्रयोगाला शंभर-दीडशे किडे. दिवसाआड प्लेट मायक्रोस्कोपखाली घ्यायची, प्लॅटिनमची केसासारखी तार बर्नरवर लाल करून गार होऊ द्यायची आणि तिचं चपटं टोक किड्याच्या डोक्याजवळ हळूच लावायचं. हलला तर जिवंत. नाही हलला तर शेपटीजवळ लावायचं, मग परत डोक्याजवळ, आणि तरी काहीच नाही तर वहीत मेला अशी नोंद. काही प्लेटच्या कडेवर चढून वाळून जातात, काही जमिनीत शिरल्यासारखे आगरमध्ये घुसतात, ते वेगळ्या रकान्यात, कारण ते म्हातारपणाने गेले असं म्हणता येत नाही. तरुण किडा तार लागताच पळतो, मागे नागमोडी रेघ ठेवून. दहा-बारा दिवसांनी तोच एका जागी पडून राहतो, डिवचलं तर थोडं सरकतो. त्याच्या पुढे नुसतं डोकं हलतं, डावीकडे उजवीकडे, बाकी अंग तसंच.

आता खरी गोष्ट. माझ्या किड्यांच्या स्नायूंत एक चमकणारं प्रोटीन घातलंय, त्याला ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लाची शेपटी आहे, ३५ ग्लुटामिन ओळीने. माणसात हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे, त्यात एका प्रोटीनची अशीच शेपटी लांबते, ३६ पासून धोका सुरू आणि ४० च्या वर गेली की आयुष्यात कधीतरी आजार गाठतोच. किड्यातसुद्धा ही सीमा ३५ ते ४० च्या मधेच पडते, २००२ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मोरिमोटोंच्या लॅबने हे दाखवलं, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून नुसती बसून राहिले होते. तर तरुण किडा निळ्या प्रकाशात बघितला की अख्खं अंग एकसारखं उजळतं. पाच-सहा दिवसांनी बघा, त्याच अंगात ठिपके. प्रोटीनच्या गुठळ्या. प्रोटीन तेच, शेपटी तेवढीच, खाणं तेच, फक्त वय वाढलं. आणि किड्याला दीर्घायुषी करणारा एक बदल त्याच्या जीनमध्ये केला तर ते ठिपके उशिरा येतात.

अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन, सगळ्यांत कुठलं ना कुठलं प्रोटीन गुठळी करतं, आणि हंटिंग्टनचा बिघाड तर जन्मापासून अंगात असतो, मग आजार बहुतेकांना चाळिशीच्या आसपासच का होतो? इतकी वर्षं पेशी ते निस्तरत होती आणि मग तिला झेपेनासं झालं, असं का झालं? मला वाटतं आपण मेंदूच्या आजारावर औषध शोधतोय पण वयाला बाजूला ठेवून शोधतोय. विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

शेवंतीची_वेणी

वाचतेय. जिलबी पदराला बांधण्यापाशी थांबले थोडा वेळ. माझी आत्या अशीच चपातीचे तुकडे उशीखाली ठेवायची.

हिशेबनीस

लेख आवडला, पण एक शंका आहे आणि मनापासून विचारतोय. ३०२ न्यूरॉनच्या किड्याला मुळात आठवतं काय की तो विसरेल? माझे वडील सात वर्षं अल्झायमरने आजारी होते, शेवटची दोन अंथरुणाला. त्या काळात पेपरात "अल्झायमरवर औषध सापडलं" असं इतक्या वेळा वाचलं, की आई बातमी कापून ठेवायला लागली होती. प्रत्येक बातमीत उंदीर बरे झालेले. आमच्या घरात कोणी बरं झालं नाही. मग उंदरापासूनसुद्धा माणसापर्यंत येता येत नसेल तर किड्यापासून कसं येणार?

पारदर्शी

हिशेबनीस, तुमच्या आईंच्या कात्रणांचं वाचून फार वाईट वाटलं. शंका अगदी रास्त आहे, जरा सविस्तर लिहिते.

किड्याला थोडंफार आठवतं. एखादा वास आला की खाणं मिळतं अशी सांगड तो शिकतो आणि शिकवणी नीट दिली तर दिवसभर लक्षात ठेवतो. प्रिन्स्टनला कोलीन मर्फींच्या लॅबने २०१० साली दाखवलं की वय वाढायला लागलं की ही लक्षात ठेवण्याची ताकद आधी जाते, हालचाल मंदावायच्या कितीतरी आधी. अंग हलतंय, वास येतोय, पण शिकलेलं टिकत नाही. आमच्या आजीचंही तसंच झालं, गुडघे धड होते, बाजारात जाऊन यायची, आणि पिशवीत तीन वेळा कोथिंबीर.

उंदरांचं म्हणाल तर तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. उंदीर म्हातारा होतो पण त्याला अल्झायमर आपणहून होत नाही. माणसाचा बिघडलेला जीन त्याच्यात घालून मेंदूत अमिलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रोटीनच्या तुकड्यांचे, थर तयार करावे लागतात. आणि दुसरं म्हणजे असे उंदीर काही महिन्यांचे असतानाच त्यांच्यावर औषध तपासलं जातं, म्हणजे आपल्या भाषेत पंचविशी-तिशीतले. दोन-दोन वर्षं उंदीर सांभाळून म्हातारे करायचे तर जागा, पैसा, माणसाचा पगार, सगळंच अवघड. मग तरुण मेंदूतला अमिलॉइड पुसला की उंदीर सुधारतो, त्याच्या पेशी धडधाकट असतात ना. ७५ वर्षांच्या माणसाच्या पेशींत मुळात दुरुस्तीची ताकद किती उरलेली असते? तो प्रश्न त्या प्रयोगात आलेलाच नसतो.

किड्यापासून माणसापर्यंतचा एक रस्ता मात्र खरंच सापडला. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केन्यन यांनी दाखवलं की डॅफ-२ नावाच्या एका जीनमध्ये बदल झाला की किडा दुप्पट जगतो. नुसता जास्त दिवस जगत नाही, त्या वयाला तो तरुणासारखा हिंडत असतो. त्याच्याही आधी १९८८ साली फ्रीडमन आणि जॉन्सन यांनी एज-१ हा जीन सापडल्याचं छापलं होतं. १९९७ साली गॅरी रवकुनच्या लॅबने डॅफ-२ वाचून काढला तर तो निघाला आपल्या इन्सुलिनचा आणि आयजीएफ-१ या वाढीच्या हार्मोनचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचा भाऊबंद. या निरोपाच्या पलीकडच्या टोकाला डॅफ-१६ आहे, माणसात त्याच घराण्यातला फॉक्सो-३, आणि हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या २००८ च्या अभ्यासात फॉक्सो-३ ची ठरावीक रूपं दीर्घायुषी लोकांत जास्त आढळली. २००६ साली सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये अँड्र्यू डिलिन यांच्या लॅबने किड्यात माणसाचं अमिलॉइड घातलं, ते किडे हळूहळू लुळे पडतात. डॅफ-२ चा आवाज कमी केला तर लुळे पडणं लांबलं. २००९ साली त्याच गटाने दाखवलं की उंदरातही आयजीएफ-१ चा हाच निरोप कमी केला तर आजार लांबतो. म्हणजे म्हातारपणाचं बटण आणि मेंदूतल्या गुठळ्यांचं बटण एकाच फळ्यावर आहे.

याचा अर्थ औषध आलं असा नाही. तुमच्या आईंना दाखवता येईल असं कात्रण अजून नाही.

दळणकांडण

पारदर्शीताई, मी किड्यांची नाही, माश्यांची बाई. मुंबईतल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं फळमाश्या सांभाळल्या, आता रिटायर. माश्यांचं जेवण मीच शिजवायची, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगर, मोठ्या पातेल्यात सारखं ढवळत राहायचं नाहीतर खाली लागतं, मग जरा निवलं की बुरशीचं औषध घालून शेकडो नळ्यांत ओतायचं आणि कापसाचे बोळे. जुलै-ऑगस्टला तरी बुरशी यायचीच.

त्यात पार्किन्सनच्या माश्या होत्या. माणसाचं अल्फा-सिन्युक्लिन, पार्किन्सनमध्ये गुठळी करणारं प्रोटीन, माशीत घातलेलं, बोस्टनच्या लोकांनी २००० साली पहिल्यांदा केलेलं. परीक्षा अगदी सोपी असते, नळी टेबलावर हलकेच आपटायची, सगळ्या माश्या तळाला पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढायला लागतात. तरुण माश्या बघता बघता वर. महिन्याभराच्या झाल्या की साध्या माश्याही मंदावतात पण त्या सिन्युक्लिनवाल्या अर्ध्यात थांबायच्या, परत घसरायच्या, परत चढायच्या. माझ्या सासऱ्यांना तेव्हा पार्किन्सन होता. संध्याकाळी घरी जाऊन त्यांना जिन्यावर धरून चढवायचे तेव्हा ती नळी डोळ्यासमोर यायची. साहेब लोक पेपर लिहितात, छान वाटतं, पण त्या माश्या रोज बघणाऱ्या आम्ही होतो, म्हणून लिहिलं.

पारदर्शी

दळणकांडणताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे प्लेटा ओतणारे एक मामा आहेत, त्यांच्या हातच्या प्लेटा नसतील तर माझे आकडेच हलतात.

मॉन्ट्रियलची_थंडी

म्हातारपण आणि औषध म्हटलं की आमच्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ साली कॅनडातली एक तुकडी ईस्टर बेटावर गेली, तिथली माती आणली आणि ती मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीत आली. तिथे सुरेंद्रनाथ सहगल नावाचे शास्त्रज्ञ होते, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले, नंतर ब्रिस्टलला पीएचडी. त्यांच्या टीमने त्या मातीतल्या बॅक्टेरियापासून एक पदार्थ काढला. बेटाचं तिथलं नाव रापा नुई म्हणून रापामायसिन. आधी वाटलं बुरशीवरचं औषध, मग कळलं की शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून बाजूला पडलं. ऐंशीच्या दशकात मॉन्ट्रियलची लॅब बंद करायचं ठरलं तेव्हा सहगलांनी ते बॅक्टेरिया जास्त प्रमाणात वाढवून काही कुप्या घरी नेल्या आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. काही वर्षांनी कंपनी बदलली, नवीन साहेबांना पटवलं, काम परत सुरू झालं आणि १९९९ साली किडनी बदललेल्या पेशंटसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. सहगल २००३ साली कॅन्सरने गेले. त्यांच्यानंतर, २००९ साली, ६०० दिवसांच्या उंदरांना, म्हणजे चांगल्या म्हाताऱ्या उंदरांना हे औषध दिलं तर ते जास्त जगले, आणि तेही एका जागी नाही, अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये एकाच वेळी. ते बघायला ते हवे होते असं फार वाटतं.

वाळूघड्याळ

मग हे औषध घ्यायला काय हरकत आहे? माझं वय ५८. परदेशात बरेच जण घेतात असं यूट्यूबवर बघितलं. आणि आयुष्य वाढवतात म्हणून विकतात त्या एनएमएनच्या गोळ्या, रेस्व्हेराट्रॉल, त्याचं काय? मी महिन्याला साडेचार हजार घालवतोय त्यावर.

पारदर्शी

वाळूघड्याळ दादा, स्वतःच्या मनाने रापामायसिन घेऊ नका, हात जोडून सांगते. ते मुळात प्रतिकारशक्ती दाबायचं औषध आहे. तोंडात फोड येतात, चरबी आणि साखर वाढू शकते, जखम भरायला वेळ लागतो. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो, आपण टीबी-डेंग्यूच्या गावात राहतो. उंदरांवरचा तो प्रयोग मला स्वतःला फार मोलाचा वाटतो, कारण एक तर औषध म्हातारपणी सुरू करूनही गुण आला आणि दुसरं मॉन्ट्रियलच्या दादांनी लिहिलंय तसं, तीन ठिकाणी एकच उत्तर आलं. एका लॅबचं उत्तर म्हणजे मत, तीन लॅबचं म्हणजे पुरावा, असं आमच्याकडे म्हणतात. पण त्यातून माणसाने किती घ्यावं, किती दिवस घ्यावं याचं उत्तर मिळत नाही.

रेस्व्हेराट्रॉल त्याच तीन लॅबनी साध्या उंदरांना दिलं, आयुष्य वाढलं नाही. यावर काम करणारी सर्ट्रिस नावाची कंपनी २००८ साली ७२ कोटी डॉलरला विकली गेली होती आणि पाच वर्षांत तिचं ऑफिस बंद झालं. एनएमएनने माणूस जास्त जगतो असं कुणी दाखवलेलं नाही. साडेचार हजारांत तुमचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल सगळं तपासून होईल, चष्म्याचा नंबर होईल आणि कानांची तपासणीसुद्धा.

कान मुद्दाम लिहिलं. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे (अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांचे) १४ असे धोके दिलेत ज्यांवर काही करता येतं, सगळे मिळून जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस त्यांच्याशी जोडलेल्या आहेत, आणि त्यात कमी ऐकू येणं आणि कोलेस्टेरॉल सगळ्यात वर आहेत. आजीचं कानाचं मशीन दहा वर्षं कपाटात डबीत पडून होतं, शिट्टी वाजते म्हणून ती लावायची नाही आणि आम्हीही कधी ते नीट करून आणलं नाही. मी हे शिकत होते तेव्हा.

ओवाकापूर

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन २० वर्षं प्रॅक्टिस करतोय कोल्हापूर भागात. लॅबबद्दल चाललंय म्हणून आपल्याकडची एक जोडी सांगतो, दोन वनस्पतींची. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, आम्ही खाजकुइलीचं बी शुद्ध करून वापरतो. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्या बियांतून एल-डोपा वेगळं करून दाखवलं, म्हणजे पार्किन्सनवर आज जी मुख्य गोळी देतात तिच्यातलं द्रव्य. पण त्याचा उपयोग पुढे वीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. दुसरी सर्पगंधा. तिच्यातून रेसर्पिन निघालं, बीपीसाठी वापरायचे. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे कान पाडून निपचित बसले, मग एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. मेंदूतलं डोपामिन हे रसायन संपल्यामुळे हालचाल थांबते हे त्यातून उमगलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं. आजार दाखवणारी वनस्पती आपली, उतारा आपल्या रानात, मधली कडी जोडणारा प्रयोग मात्र आपल्याकडे झाला नाही, याची मला खंत आहे.

सांजवात_६४

ओवाकापूर वैद्यबुवा, माहिती छान, पण एक सांगू का. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन आहे, नऊ वर्षं झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही गोळ्या चालू असतानाच खाजकुइलीची पावडर सुरू केली, डॉक्टरांना न सांगता. पहिला आठवडा इतके छान होते की मी देवाला नारळ फोडला. मग मान आणि हात आपोआप वळायला लागले, थांबेचनात, रात्री पलंगावरून पडले. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले दोन्हीकडून तेच औषध पोटात जातंय. कुणी वाचत असेल तर कृपा करून डॉक्टरांना सगळं सांगा.

ओवाकापूर

ताई, अगदी बरोबर. बियांतलं प्रमाण दर झाडागणिक वेगळं असतं, त्यामुळे अंदाजाने देणं चूकच. माझ्याकडे येणाऱ्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मी आधी टेबलावर काढायला लावतो.

हिशेबनीस

पारदर्शी, उत्तर आवडलं, आईलाही वाचून दाखवलं. अजून एक. २००६ चा तो गाजलेला अल्झायमरचा पेपर खोटा निघाला ना? चित्रांमध्ये फेरफार? मग हे सगळं अमिलॉइडचं प्रकरणच पोकळ असेल तर?

पारदर्शी

हो, तो पेपर नेचर मासिकाने २०२४ साली मागे घेतला, एक सोडून बाकीच्या लेखकांनीही त्याला संमती दिली. मला याचा राग येतो. कुणाच्या तरी तरुण विद्यार्थ्याने त्या पेपरवर विश्वास ठेवून दोन-तीन वर्षं तोच प्रयोग करून बघितला असेल आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष दिला असेल.

पण तो पेपर अमिलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल होता. मूळ इमारत त्याच्यावर उभी नाही, ती कुटुंबांवर उभी आहे. १९९१ साली लंडनच्या गटाने असं घराणं दाखवलं जिथे अमिलॉइड ज्या प्रोटीनपासून होतं त्याच्याच जीनमध्ये बदल होता आणि पिढ्यान्पिढ्या लोकांना लवकर अल्झायमर होत होता. उलट २०१२ साली आइसलँडमध्ये त्याच जीनमधला असा बदल सापडला जो अमिलॉइड कमी करतो आणि त्या लोकांना म्हातारपणी अल्झायमर कमी होतो. कोलंबियात अँटिओकिया भागात एक मोठं घराणं आहे, तिथे एका जीनमुळे चाळिशीच्या मध्यावरच विसरायला होतं. त्यातल्या एका बाईंना तो जीन असूनही सत्तरीपर्यंत फारसं काही झालं नाही. २०१९ साली छापून आलं की त्यांच्या मेंदूत अमिलॉइड भरपूर होतं, पण टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनच्या गाठी फार कमी होत्या, आणि त्यांच्यात अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जीनच्या एका दुर्मिळ रूपाच्या दोन प्रती होत्या. म्हणजे अमिलॉइड असूनही मेंदू तग धरू शकतो. ही तग धरण्याची ताकद म्हणजे काय, ती वयाबरोबर का जाते, हाच माझा प्रश्न आहे, किड्याच्या ठिपक्यांचाही.

औषधाचंही सांगते म्हणजे कात्रणं वाचताना उपयोग होईल. लेकॅनेमॅब हे अमिलॉइड काढून टाकणारं औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं. १७९५ लोक, १८ महिने. १८ गुणांच्या एका मापावर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक ०.४५ गुणांचा. बातमीत तो २७ टक्के म्हणून येतो, दोन्ही खरं आहे. औषध घेणाऱ्या आठातल्या एकाला स्कॅनमध्ये मेंदूत सूज दिसली, बहुतेकांना त्रास झाला नाही, काहींना झाला. मला हे लहान पण खरं पाऊल वाटतं. औषध घेणाऱ्यांचा अमिलॉइड खूप कमी झाला आणि तरीही आजार पुढे जातच राहिला, फक्त जरा हळू.

जाईजुई_रत्नागिरी

मला विज्ञानातलं फार कळत नाही पण सगळं वाचलं. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, पाच वर्षं डिमेन्शिया. दुपारी बऱ्या असतात, मी त्यांच्यापुढे सूप आणि तांदूळ ठेवते, तासभर निवडत बसतात, एक खडा सुटत नाही अजून. दिवेलागणीला मात्र सुरू होतं, मला घरी ने, माझी आई वाट बघते. आम्ही तर घरातच असतो. मी त्यांना आता समजावत नाही, चप्पल घालायला लावते, अंगणाला एक फेरी मारून आणते आणि म्हणते आलो बघा घरी. कधी कधी पटतं.

एक विचारायचं होतं. त्यांच्या पश्चात त्यांचा मेंदू संशोधनाला देता येतो का? धडधाकट होत्या तेव्हा त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. आणि दुसरं, माझ्या मिस्टरांना आणि मुलांना होईल का?

पारदर्शी

जाईजुईताई, अंगणातली फेरी ही तुमची तुम्ही शोधलीत ना? न्यूरॉलॉजीचे डॉक्टरसुद्धा हेच सांगतात, वाद घालू नका, त्यांच्या जगात दोन पावलं जा.

मेंदू देता येतो. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे. अडचण वेळेची असते, मृत्यूनंतर काही तासांत व्हावं लागतं, त्यामुळे रत्नागिरीहून ते अवघड आहे, हे तुम्हाला आधीच सांगते म्हणजे नंतर मनाला लागायला नको. त्यांना आत्ताच फोन करून विचारून ठेवा. नाहीच जमलं तर देहदान आहेच, जवळच्या मेडिकल कॉलेजचे नियम तेवढे बघून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या कारण त्या दिवशी कुणाला काही सुचत नाही. भारतातल्या म्हाताऱ्या माणसांचा मेंदू फार कमी अभ्यासला गेलाय. आपल्याकडे साठीच्या पुढच्या १०० पैकी सात-आठ जणांना डिमेन्शिया आहे, २०२३ च्या अंदाजाने ८८ लाख लोक, आणि औषधांच्या चाचण्या बहुतेक गोऱ्या लोकांवर. आता बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांतल्या दहा हजार लोकांना वर्षानुवर्षं तपासायचं काम घेतलंय, त्याची मी वाट बघतेय.

मुलांचं. ८१ वर्षांच्या माणसाचा आजार आणि त्या कोलंबियाच्या घराण्याचा आजार वेगळा. सासूबाईंना सत्तरीनंतर झाला, म्हणजे एका जीनने ठरवलेला असण्याची शक्यता फार कमी. धोका थोडा वाढतो, ठरत नाही. मिस्टरांचं बीपी-शुगर बघा.

कॉलेजकट्टा_सातारा

ताई, मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. मला हे काम करायचंय. मोजायला कंटाळा येत नाही का?

पारदर्शी

येतो. पहिल्या वर्षी रात्री लाइट गेले आणि सकाळी इन्क्युबेटरचा आकडा २९ दाखवत होता, पाच आठवड्यांचं काम एका रात्रीत गेलं, कारण तापलेले किडे लवकर मरतात आणि मग ते वयाने मेले की उष्णतेने हे सांगता येत नाही. मी सगळ्या प्लेटा टाकून दिल्या आणि बाहेर पायरीवर बसून रडले. मग परत अंड्यांपासून सुरुवात केली. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज भर, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काढ, मग ठरव.

पण एक गोष्ट सांगते जिच्यामुळे मी टिकले. हे किडे स्वतःच स्वतःची पिल्लं करतात, त्यामुळे प्लेटवरचे सगळे जवळजवळ एकमेकांची कॉपी. जीन तेच, खाणं तेच, तापमान तेच, जन्माचा दिवस तोच. तरी एक दहाव्या दिवशी मरतो आणि त्याच्या शेजारचा पंचविसाव्या दिवशी डोकं हलवत असतो. का? नशीब म्हणावं तर नशीब म्हणजे पेशीत नक्की काय? ठिपके आधी कुणाला आले ते मी आता एकेका किड्याला वेगळं ठेवून बघतेय, सध्या ९६ आहेत, प्रत्येकाला स्वतःची छोटी वाटी.

शेवंतीची_वेणी

मग काय दिसतंय?

पारदर्शी

अजून प्रयोग चालू आहे, आज एकविसावा दिवस. ९६ पैकी ११ शिल्लक. त्यातल्या चौघांना ठिपके भरपूर आहेत आणि तरी जिवंत आहेत, हे मला अपेक्षित नव्हतं, त्यामुळे आत्ता काही बोलत नाही. उद्या सकाळी सातला परत मोजायचंय. शनिवारी इस्लामपूरला जातेय, आजीचं कानाचं मशीन दुरुस्त करून आणलंय, शिट्टी येत नाही आता. बाकीच्यांची उत्तरं रविवारी रात्री देते.